डोंगराची बाजू

या, अशा जवळ येऊन बसा. लांबून ऐकलं की निम्मं कानावर पडतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जुळवता, ही तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे. आणि आणखी एक. माझ्याकडे जुनी नाणी आहेत म्हटलं की जो येतो तो आधी किंमत विचारतो. अहो, आधी हातात तरी घ्या! पाहुणा दारात आला की त्याला तराजूत बसवता का तुम्ही? घ्या, पाणी प्या, आणि मधे बोलू नका.

तर, भट्टी पेटली होती. मूस लाल झाली होती. मूस म्हणजे चांदी आटवायची वाटी, मातीची असते. माझ्या एका हातात सांडशी होती आणि दुसऱ्या हातात हौसाबाईंचा देव. आणि तो हात काही मुशीकडे जात नव्हता.

"टाका की, आक्का," हौसाबाई म्हणाल्या. "गाडी सांजच्याला निघायलीय. मुकादम थांबत न्हाई कुणासाठी."

"टाकते, मावशी. जरा थांबा."

"किती येळ झाला थांबायलोत. हात भाजला का काय तुमचा?"

हे सगळं वडवणीला, आमच्या संस्थेच्या शेडमध्ये. लहान लहान सोनारांनी मिळून सहकारी संस्था काढली होती. प्रत्येकाला वेगळी भट्टी आणि पत्रा ओढायचं वेगळं मशीन कुठून झेपणार? म्हणून सगळ्यांचं मिळून एक. मेंबरांमध्ये बाई मी एकटीच. मी कुठल्या शाळेत हे शिकले नाही. सासरे बैठकीवर काम करायचे, मी भाता चालवायचे आणि बघायचे. बघून बघून हात बसला. पुढे मालकांना दम्यामुळे धूर सोसेना, तेव्हा त्यांची जागा माझ्याकडे आली. लोक आधी हसले. मग कामं देऊ लागले.

माझं काम टाकांचं. टाक म्हणजे देवघरातला चांदीचा लहानसा देव. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून देवाचा आकार उठवायचा, मागून लाख भरायची आणि तांब्याची पाठ लावायची. असा टाक घरात रोज धुतला जातो, पुसला जातो, त्याला हळदकुंकू लागतं. पिढ्या गेल्या की चेहरा सपाट होतो. असा झिजलेला देव ठेवत नाहीत. सोनाराकडे आणतात, आटवतात आणि त्याच चांदीचा नवा घडवून घेतात. त्याच चांदीचा, यात गंमत नाही. म्हणून पार्टी समोर बसून राहते. आम्ही गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतो. देव मुशीत गेल्यापासून नवा होऊन हातात येईपर्यंत पार्टी जागची हलत नाही, चहाला सुद्धा उठत नाही. सोनारावर कुणाचा भरवसा नसतो, आणि मी सोनारीण असून सांगते, नसतो तेच बरं.

त्या साली पावसानं दडी मारली होती. आदल्या सालीही बेताचाच झाला होता. लग्नं पुढे गेली, त्यामुळे आमची भट्टी दिवसच्या दिवस गार. टँकर आला की शेडला एक ड्रम पाणी मिळायचं. प्यायचं तेच आणि चांदी धुवायची तेच. आमच्या भागातली निम्मी माणसं दरसाल ऊस तोडायला खाली साखर कारखान्यांकडे जातात. त्या साली दसरा सरतो न सरतो तोच गाड्या भरायला लागल्या.

हौसाबाई त्यातल्याच. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बरोबर त्यांची सून सुनीता. मुलगा गाडीत भांडीकुंडी चढवत होता, म्हणून या दोघीच आल्या होत्या. हौसाबाईंनी पदराची गाठ सोडली, आतलं लाल फडकं सोडलं आणि देव माझ्या पुढ्यात ठेवला.

"ह्याला डोळेच राहिले न्हाईत, आक्का," त्या म्हणाल्या. "दोन साल झालं आमच्याकडं बघंना. बघंल तरी कशानं? नवा करा. डोळे चांगले ठसठशीत काढा. आमी कुठं चाललोत ते त्याला दिसाया पायजे."

त्या हे थट्टेनं म्हणत नव्हत्या. पाऊस का गेला याचं हे त्यांचं उत्तर होतं. आणि खरं सांगू का, त्या साली दुसऱ्या कुणाकडून याहून बरं उत्तर मी ऐकलं नव्हतं.

मी देव उचलला आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं. टाक हलका असतो, आत नुसती लाख. हा भरीव होता. टाकाची कड कात्रीनं कापलेली, पातळ असते. याची कड जाड होती, वेडीवाकडी, घणाच्या घावानं फाकलेली. कुणीतरी फार पूर्वी हा तांब्याच्या कोंदणात बसवला होता. चेहरा पार गुळगुळीत झाला होता. उरली होती फक्त मानेची एक वाकण, आणि काठाला परक्या लिपीतली दोन-तीन अक्षरं, नीट लागतही नव्हती.

ते नाणं होतं. आणि ते कुठल्या मुलखाचं ते माझ्या बोटांनी आधी ओळखलं. मी पदर सारखा केला.

आता हे समजायला तुम्हाला माझं वेड समजायला हवं. पश्चिमेला, समुद्रापलीकडे, रोमचं मोठं राज्य होतं. दोन हजार वर्षं होत आली त्याला. त्या राज्यात सुभे होते, आपल्याकडे निजामाचे होते तसे. राजधानीचं नाणं वेगळं, पण काही सुभ्यांना आपापलं चांदीचं नाणं पाडायची मुभा होती. त्या नाण्यांची मला ओढ. का, तर पुढच्या बाजूला बादशहाचा चेहरा सगळीकडे सारखा, पण मागच्या बाजूला त्या त्या मुलखाचं जे काही लाडकं असेल ते. सिरियाकडच्या नाण्यावर पंख पसरलेला गरुड. एकावर वीणेसारखं वाद्य. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, नाण्यांवर तर देवच देव, पण त्यात चांदी थोडी आणि तांबं फार, कसोटीवर घासलं की लबाडी लगेच कळते.

पहिलं मला मोडीत मिळालं. मोड म्हणजे आटवायला आलेली जुनी चांदी. हैदराबादहून आलेल्या मोडीच्या पिशवीत एक गरुड निघाला. असा गरुड मी कधी घडवला नव्हता, कुणी घडवलेला पाहिला नव्हता. मी तेवढ्याच वजनाची चांदी पिशवीत टाकली आणि तो बाजूला काढला. नंतर औरंगाबादला, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, एका प्राध्यापकांना नेऊन दाखवला. फार भला माणूस. मला स्टुलावर बसवून दुपारभर समजावून सांगितलं, पुस्तकातली चित्रं दाखवली. त्यातल्या एका चित्रावर माझी नजर अडकली ती अडकलीच. नाण्याच्या मागच्या बाजूला माणूस नाही, पक्षी नाही. नुसता डोंगर. दगडांनी भरलेला, ढिगासारखा उंच डोंगर, आणि शेंड्यावर एक चांदणी.

"हा त्या लोकांचा देव," प्राध्यापक म्हणाले होते. "डोंगरच देव. आता तो तुर्कस्तानात येतो."

मी हसले होते. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगायला लागलं नसतं. पण त्या दिवसापासून तो डोंगर माझ्या मागे लागला. पुढे मोडवाल्यांकडून चांदीच्या बदल्यात एकेक करत बाकीची नाणी जमली. डोंगर नाही मिळाला. टाक ठोकताना, भाकरी थापताना, वर्षानुवर्षं, मधेच तो डोळ्यांपुढे यायचा. माहेरचा रस्ता येतो तसा.

म्हणून मुशीपुढे माझा हात थांबला होता. मागची बाजू अजून लाखेत बुडालेली होती. काय असेल तिथे? गरुड असेल, काहीच नसेल, किंवा...

"मावशी," मी म्हणाले, "एक विचारू? हा मला द्या. ह्याच्या बदल्यात मी माझ्याकडची चोख चांदी घालते. ह्याच्या दुप्पट वजनाचा देव करून देते, डोळे पाहिजेत तेवढे मोठे."

हौसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घेतली.

"बदली करायला देव काय तलाठी हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "आमच्या सासूच्या सासूनं पुजलेला हाय त्यो. त्याच चांदीचा पायजे. करायचा आसंल तर करा, न्हाईतर तेलगावात दुसरा सोनार हाय."

हे ऐकून आमचे सेक्रेटरी विनायकराव टेबल सोडून आले. वयानं माझ्या मुलासारखे, पण संस्थेचा कारभार त्यांच्याकडे, म्हणजे माझे साहेबच.

"काकू, कावून पार्टीला नादी लावायलात?" ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटले. "आठ दिवसांनी एक काम आलंय शेडला. कोळसा जळून चाललाय. आटवा अन् मोकळं करा."

"आधी पाठ काढावी लागेल, विनायकराव. लाख जळाली तर चांदीत घाण जाते."

"मग काढा! का त्याला मुहूर्त पायजे?"

हे मात्र मी खरंच सांगत होते. पाठ काढल्याशिवाय कुठलाच टाक मुशीत जात नाही. मी देव चिमट्यात धरला आणि निखाऱ्यांवर लांबूनच शेकला. लाख घामेजली, मग सैल झाली. तांब्याचं कोंदण सुईच्या टोकानं उचललं तसं सगळं सुटून आलं. मागच्या बाजूला काळी चिकट साय होती. मी रिठ्याचं पाणी घेतलं, डुकराच्या केसाच्या ब्रशनं घासलं. माझ्या वाटचं प्यायचं पाणी होतं ते. एक वाटी गेली. दुसरी गेली.

आणि डोंगर वर आला.

काल पाडल्यासारखा! पिढ्यान्‌पिढ्या लाखेत झाकलेला, कुणाचं बोट लागलं नव्हतं, कुंकू लागलं नव्हतं. एकेक दगड मोजावा असा. पायथ्याची झुडपं, कडे, आणि शेंड्यावर ती चांदणी. पूर्वीच्या कुणा सोनाराला देव हवा होता, आणि देवाला तोंड पाहिजे, म्हणून त्यानं चेहऱ्याची बाजू वर ठेवली होती. खरा देव होता तो लाखेत पालथा घातला होता. या बिचाऱ्यांनी इतकी वर्षं बादशहाला आंघोळ घातली, आणि त्याचे नाकडोळे झिजवून टाकले.

माझी पाठ दोघींकडे होती. त्यांना काही दिसलं नव्हतं. आणि सोनाराचे हात काय काय करू शकतात ते मला पूर्ण ठाऊक होतं. माझ्या डब्यात तेवढीच चांदी पडलेली होती. मी तुम्हाला हे असंच सांगते आहे, कारण माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्याही मनात आलं असतं.

"आक्का," मागून सुनीता हळू म्हणाली, "काय निघालं त्यात? तुमी श्वास घ्यायच्या थांबलात."

त्या पोरीचा आवाज असा साधा होता की मी वळले आणि हात पुढे केला.

दोघी वाकल्या. सुनीतानं बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"आत्या, डोंगर हाय!"

"गड हाय," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. "नारायणगड हाय." आमच्या भागातलं, डोंगरावरचं देवस्थान ते.

मला राहवलं नाही. "मावशी, हा लई लांबचा डोंगर आहे. समुद्रापलीकडचा. तिथले लोक त्याला देव मानायचे. हे त्यांचं नाणं."

"मंग? आमी काय येगळं करतो?"

"तसं नाही, पण..."

"तिथं पाऊस पडतो का?" सुनीतानं विचारलं.

मला प्राध्यापकांचं बोलणं आठवलं. "त्याच्या माथ्यावर बर्फ असतो, म्हणे. उन्हाळ्यात सुद्धा."

हौसाबाई त्या नाण्याकडे बघत होत्या. ड्रमच्या तळाशी उरलेल्या पाण्याकडे बघतात ना माणसं, तशा.

"बर्फ," त्या म्हणाल्या. "मंजी पाणीच की. पाणी डोक्यावर घिऊन उभा हाय."

"पण आत्या," सुनीता म्हणाली, "ह्याला बी डोळे न्हाईत."

"डोंगराला कशाला डोळे? गडाला जाताना गड आपल्याकडं बघतो का? आपुनच लांबून मान वर करीत जातो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आक्का, भट्टी इझवा. आटवायचा न्हाई. आसाच बशिवा, ही बाजू वर करून."

विनायकरावांनी कपाळाला हात लावला. "मावशी, मग कामाचं काय? भट्टी पेटवली, कोळसा गेला. मी काय लिहू? काहीच केलं न्हाई?"

"लिवा की," हौसाबाई म्हणाल्या, "देव पालथा पडलता, उठवून बशिवला."

विनायकराव सुद्धा हसले. मग खुर्ची ओढून तेही बघत बसले.

मी नवं कोंदण केलं. तांब्याचं जुनं मोडलं होतं, म्हणून माझ्या डब्यातली चांदी घातली. डोंगराच्या कडेला हात लागू नये म्हणून कड जराशी उंच ठेवली, म्हणजे पुसताना फडकं शेंड्यावर घासणार नाही. बसवण्याआधी मी हौसाबाईंना विचारलं, "लाखेवर एक छाप घेऊ का? माझ्यापाशी ठेवायला?"

"घ्या की. त्याला काय लागतंय!"

मी मऊ लाखेवर नाणं दाबलं आणि उचललं. छाप उठला, पण उलटा. जिथे डोंगर हवा तिथे खड्डा. चांदणीच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढं भोक.

मग मी देव हौसाबाईंच्या हातावर ठेवला. माझी बोटं सुटायला उशीर लागला असेल, कारण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई जीव गुतला व्हय तुमचा?"

"गुंतला, मावशी."

"मंग त्याला काय एवढं! दरसाल गाडी भरायच्या आधी उजळायला आणीन. तुमच्याच हातून. दुसऱ्याला हात लावू द्यायची न्हाई."

त्यांनी तो शब्द पाळला. दरसाल दिवाळीच्या सुमाराला दोघी सासूसुना यायच्या. टाक उजळणं म्हणजे रिठ्याच्या पाण्यात धुवून, पुसून, चमक आणणं. दुसऱ्याचा टाक मी चहा होईपर्यंत उजळून देते. हा उजळायला मी अख्खी दुपार घालवायची. हौसाबाई ओळखून होत्या. भिंतीला टेकून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "होऊ द्या सावकाश, गाडी सांजच्याला हाय." मी फडक्यानं काठ पुसायची, डोंगर खिडकीच्या उजेडात धरायची, तिरपा करायची. सकाळी डोंगरावर ऊन चढतं तशी चमक पायथ्यापासून शेंड्याला जायची. सुनीताची मुलं झाली, ती शेडमध्ये रांगली. मी डोंगर पुसत राहिले.

लाखेवरचा छाप काही टिकला नाही. एका उन्हाळ्यात पत्र्याखाली लाख मऊ झाली आणि तो आपोआप मिटून गेला. डब्यात आता तिथे नुसती लाखेची वडी आहे. ती मी काढून टाकत नाही.

मग एका वर्षी सुनीता एकटीच आली. मी दाराकडे बघत राहिले तशी ती म्हणाली, "आत्या गेल्या, आक्का. उसाच्या फडावरच. जाताना म्हणाल्या, सोनारीणबाईकडं न्यायला इसरू नको." त्या दुपारी माझ्याच्यानं चांगलं उजळणं झालं नाही. नंतरही ती दोन-चार वर्षं आली. पुढे संस्था बंद पडली, शेड गेलं, मी घरच्या ओसरीवर बैठक मांडली. सुनीता यायची थांबली. कुणी म्हणतं ती कारखान्याच्या बाजूलाच राहिली, मुलांना तिकडेच शाळेत घातलं. तिकडे पाणी आहे. कशाला परत येईल?

पुढे मी प्राध्यापकांना हे सगळं सांगितलं, तेव्हा हे नाणं इकडे कसं आलं असेल, असं त्यांनी मला विचारलं. तेर या फार जुन्या बाजारपेठेच्या व्यापारात आलं, की कुणा अरबाच्या कमरेच्या पिशवीतून, मला ठाऊक नाही. ठाऊक असल्याचं सोंगही मी करणार नाही. त्यांनी असंही सांगितलं, की आता असा एखादा तुकडा कुठे निघाला तर तो विकत घेता येईल. माझा मुलगा म्हणाला, आई, मी शोधतो. मी नको म्हणाले. दुसरा डोंगर घेऊन काय करू?

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. झिजलेली वस्तू आटवण्याआधी तिची पाठ काढून बघावी. जे निघेल ते पार्टीला दाखवावं. आणि एकदा दाखवलं की ते आपल्याकडे राहत नाही, हे धरूनच चालावं. यात मोठं काही नाही, कामाचा रिवाज आहे.

सुनीता, हे कुणी तुझ्या कानावर घातलं तर ऐक. वडवणीच्या स्टँडवर उतर आणि कुणालाही विचार, सोनारीणआक्काचं घर कुठं. माझी नजर अजून शाबूत आहे, हात थोडा कापतो, पण फडकं धरता येतं. गाडी भरायची असू दे नाहीतर नसू दे, ये. पोरांना घेऊन ये. देव आणलाच पाहिजे असं काही नाही, तू आलीस तरी पुष्कळ झालं.

पण आण. आणि सकाळच्या गाडीनं ये, म्हणजे अख्खी दुपार मिळेल.